एकही दाणा उखळात नको

बसा मित्रांनो, कुठेही बसा, फक्त माझ्यावर बसू नका. मी एक जुने उखळ आहे. सीबुगुनी गावात झूमाना देंबेलेच्या अंगणात, आंब्याच्या बुंध्याला टेकून, एका कुशीवर कललेले मी तुम्हाला दिसेन. माझ्या तळाला चीर गेली आहे. काठ झिजून एका बाजूने उतरला आहे. एक काळी कोंबडी माझ्यात अंडी घालते आणि वर मलाच टोचते. पोरांना मी बसायला सोयीचे वाटते. मग घरातली थोरली बाई, तेने तिचे नाव, दुखरे गुडघे सावरत उठते आणि त्यांच्या अंगावर धावून जाते. "ऊठ मेल्या! उखळावर बसतात का कधी? ज्यातलं खाल्लं त्याच्यावरच बूड टेकतोस?" मला आता एवढेच सुख उरले आहे.

खरे सांगायचे तर मला बोलण्याचा कंटाळा आहे. जन्मभर दणके खाल्ल्यावर कुणालाही गप्प पडून राहावेसे वाटते. पण एक गोष्ट सांगायची राहिली आहे, आणि मी आता फार दिवसांचे नाही. तेव्हा ऐका.

मी आधी जाला नावाच्या झाडाचे खोड होते. हे झाड इतके कडू की ताप आला तरच माणसे त्याच्या सालीकडे वळतात. आमच्याकडे लोखंड ठोकणारा लोहारच लाकूडही कोरतो. त्याने झाडाच्या बुंध्याशी पीठ कालवलेले पाणी ओतले, झाडाची माफी मागितली आणि मग कुऱ्हाड चालवली. माफी मागून झाली की तोडायला मोकळे, ही माणसांची रीत मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. वाकसाने पोट कोरून, शियाच्या बियांचे तूप चोळून त्याने मला झूमानाच्या आईच्या, वोरोकियाच्या, दारात आणून ठेवले. तिने आत हात घालून तळ चाचपला आणि म्हणाली, "खोल आहे. माझ्या सुना मला शिव्या देतील." सुनांनी तिलाही दिल्या आणि मलाही दिल्या.

कांडण म्हणजे काय, ते गिरणीचे पीठ खाणाऱ्यांना कसे कळावे? आधी ज्वारी सडायची, म्हणजे हलके कांडून साल सोडवायची, कोंडा पाखडायचा, दाणे धुवायचे आणि पुन्हा कांडून पीठ करायचे. रोज. दोघी-तिघी बाया समोरासमोर उभ्या राहत. एकीचे मुसळ वर गेले की दुसरीचे खाली. अंगात जोर असला की मुसळ हवेत सोडून मध्येच टाळी वाजवायच्या. टाळी त्यांची, दणका माझा. लोक म्हणतात, अमक्याचे उखळ पांढरे झाले. माझे रोज पांढरे व्हायचे, पण त्यातले मूठभरही माझ्या वाट्याला आले नाही. संध्याकाळी त्या पिठाचा घट्ट घाटा शिजे आणि भेंडीच्या कालवणाबरोबर सगळे तो एका मोठ्या वाडग्यातून खात.

माझ्यात जी ज्वारी कांडली जाई, तिला गावात 'म्हातारी' म्हणत. ताट, म्हणजे धांडा, दोन पुरुष उंच, कणीस लांब, सैल आणि मान वाकवलेले. तिची एक खोड होती. पेरणी लवकर करा की उशिरा, ती आपली पाऊस जायच्या बेताला आला की मगच फुलायची. दाणा भरेपर्यंत आभाळ कोरडे झालेले असायचे. पीक फार येत नसे, पण दाणा असा टणक की मुसळाला दाद देत नसे. माझ्या अंगावरचे निम्मे घाव तिच्यापायी आहेत. तेव्हा मला तिच्याबद्दल प्रेम वगैरे काही नव्हते.

खायची कणसे कोठारात जात. बियाण्याची कणसे वोरोकिया स्वतः निवडायची आणि स्वयंपाकघरात चुलीच्या वर, छपराच्या वाशाला टांगायची. धुराने ती काळी पडत, पण त्यांना कीड लागत नसे. त्या कणसांना हात लावायची कुणाची छाती नव्हती. एकदा शेतकी संशोधन केंद्राची माणसे गावोगावची जुनी बियाणी गोळा करत आली, तेव्हा तिने त्यातले एक कणीस काढून दिले, तेही कुरकुरत. "कणीस नेतील आणि बदल्यात उपदेश आणून देतील," असे ती म्हणाली. पुढे तिचे हात चालेनात, तेव्हा तिने बियाण्याचे काम थोरल्या सुनेकडे, झूमानाच्या बायकोकडे, तेनेकडे दिले.

इथे तुम्हाला एक रिवाज सांगायला हवा. गावातले सगळे देंबेले. तेने माहेरची कोने, आणि आमच्याकडे बाई लग्नानंतरही माहेरचेच आडनाव लावते. देंबेले आणि कोने यांचे पूर्वापार थट्टेचे नाते. भेटले की एकमेकांना टोमणे मारायचेच. चोर म्हणायचे, हावरट म्हणायचे, आणि हमखास म्हणायचे ते 'चवळीखाऊ'. वय, मान, शिक्षण काही आड येत नाही. राग मात्र धरायचा नाही. टोमणा मारला नाही तर समोरच्याला वाटते, याचे काहीतरी बिनसले आहे.

तेव्हा वोरोकियाने बियाणे सोपवले ते असे: "चवळीखाऊंची लेक तू. तुझ्या माहेरी बी राखायची अक्कल असती, तर जन्मभर चवळी कशाला खाल्ली असती? पण आमचं देंबेल्यांचं बी आता तुझ्या हातात. चुलीवरचं कणीस उखळात जाऊ देऊ नकोस."

"देंबेल्यांच्या पोटातून वाचलं तर राहील की," तेने म्हणाली. दोघी डोळ्यांना पाणी येईपर्यंत हसल्या. पुढे वोरोकिया वारली. तिला मूठमाती देऊन लोक परत आले, तेव्हा तेने आधी स्वयंपाकघरात गेली आणि वर वाशाकडे बघत कितीतरी वेळ उभी राहिली.

काही वर्षांनी केंद्रातून सिरिकी कोने येऊ लागला. ज्वारीच्या नव्या जाती तयार करणारा शास्त्रज्ञ तो. काटकुळा, उन्हाने रापलेला. तो गाडीतून उतरतो न उतरतो तोच झूमाना ओरडला, "अरे, चवळीखाऊ आला! चवळ्या झाकून ठेवा!"

"झाकता कशाला?" सिरिकी म्हणाला. "देंबेल्यांच्या घरात चवळी उरलीय असं होईल का? चोरून आणल्या त्याच दिवशी संपल्या असतील."

झाले, त्या दिवसापासून तो घरचाच झाला. त्याच्याबरोबर माइगा नावाचा ड्रायव्हर असे. तो दूर उत्तरेकडचा. त्याचे आमच्या गावातल्या कुणाशीच थट्टेचे नाते नव्हते, आणि चेहराही सदा दाढ दुखत असल्यासारखा.

सिरिकीचे म्हणणे असे, की शेतात पीक भरघोस आले म्हणून ज्वारी चांगली ठरत नाही. बायांना ती कांडता आली पाहिजे, तिचा घाटा घट्ट झाला पाहिजे आणि सकाळपर्यंत घट्ट राहिला पाहिजे. म्हणून दर सुगीनंतर तो वेगवेगळ्या ज्वारींच्या लहान पिशव्या आणायचा, प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा दोरा. सगळ्या एकाच उखळात कांडायच्या, म्हणजे कुणावर अन्याय नको. ते उखळ मी. प्रत्येक पिशवीनंतर तेने मला झाडून पुसून घ्यायची आणि सिरिकी आत हात घालून मागचे पीठ राहिले नाही ना ते पाहायचा. मग संध्याकाळी सगळ्यांनी घाटा खायचा, आणि सकाळी तोच शिळा घाटा पुन्हा खायचा. "हे उखळ म्हणजे आमची अर्धी प्रयोगशाळा आहे," असे तो एकदा शहरातल्या पाहुण्यांना म्हणाला. पाहुण्यांनी माझा फोटो काढला. खोटे कशाला बोलू, मित्रांनो, मी फुगले. आधी कुणी माझे कौतुक केले नव्हते आणि नंतरही फारसे केले नाही.

त्या पिशव्यांमध्ये लाल दोऱ्याची ज्वारी सगळ्यांत सरस निघाली. ताट बुटके, कणीस गच्च, दाणा पांढराशुभ्र. कांडायला इतकी हलकी, की तेने म्हणाली, "ही ज्वारी कुणा बाईनं बनवलीय का रे? खांद्यांना कळतसुद्धा नाही." बायांनी तिचे नाव ठेवले 'लालदोरी'. मलाही ती आवडली, कारण तिच्यापायी घाव कमी बसायचे. झूमानाने ती शेताच्या एका कोपऱ्यात तीन वर्षे लावून पाहिली. तिन्ही वर्षी पाऊस उशिरा आला, पेरणी उशिरा झाली, आणि त्या कोपऱ्याने म्हातारीच्या दुप्पट दाणा दिला. गावातल्या इतर घरांनीही तिच्यासाठी एकेक कोपरा राखला.

चौथ्या वर्षी पेरणीच्या आधी सिरिकी आला. आंब्याखाली सगळे जमले. लालदोरीचे बी आता घरोघरी पोत्याने साठले होते.

"काय रे चवळीखाऊ," झूमाना म्हणाला, "यंदा सगळं शेत लालदोरी. तुझं पोट दुखणार बघ."

"मला माहीतच होतं," सिरिकी म्हणाला. "देंबेल्याला एक घास दिला की तो मनगटापर्यंत चावतो. ऐक हावरटा. ती ज्वारी कोपऱ्यातच राहू दे. आणि पहिल्या पावसाला तर पेरूच नकोस. तुझी म्हातारी आभाळ बघून फुलते. ही नाही बघत. ही आपले दिवस भरले की पिकते, वर पाऊस असो की नसो. लवकर पेरलीस तर भर पावसात दाणा भरेल, आणि तुम्ही देंबेले बुरशी चाटत बसाल!"

अंगण हसून लोटपोट झाले.

"ऐकलंत का? आपण पोटभर खावं हे कोन्यांना बघवत नाही!" झूमाना म्हणाला.

"चवळीशिवाय दुसरं काही पिकलं की यांना ताप भरतो," एक म्हातारा दात नसलेल्या तोंडाने म्हणाला.

"अरे, तीन वर्षं पाहिलीत फक्त," सिरिकी हसू आवरत म्हणाला, "आणि तिन्ही वर्षं पाऊस उशिरा आला. पण तुम्हाला एवढं कळत असतं, तर तुम्ही कोने म्हणून जन्माला आला असता."

पुन्हा हशा. सिरिकीही हसला. त्याला वाटले, सांगायचे ते सांगून झाले. त्यांना वाटले, यंदा थट्टा फर्मास जमली. कोन्याने देंबेल्याशी तोंड पाडून बोलणे म्हणजे अपमान, म्हणून त्याने खरी गोष्ट थट्टेत गुंडाळून दिली, आणि त्यांनी थट्टा तेवढी ठेवून घेतली. माइगा गाडीला टेकून उभा होता. तो हसला नाही. पण तो कधीच हसत नसे, म्हणून कुणाचे तिकडे लक्ष गेले नाही.

तेनेला मात्र काहीतरी खुपले. संध्याकाळी ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, सिरिकी उगाच नाही बोलला. निम्मं शेत म्हातारीला राहू दे."

"आली भावाची बाजू घेऊन!" झूमाना म्हणाला. "एक चवळीखाऊ कमी होता का?" घरातले सगळे हसले. तेनेही हसली. दुसरे काय करणार? थट्टेत राग धरायचा नसतो, आणि जिथे राग धरता येत नाही तिथे वाद तरी कसा घालणार.

त्या वर्षी पाऊस लवकर आला. गावातली तरणी मंडळी ढोल वाजवत पेरणीला आली. एवढ्या माणसांना जेवू घालायचे आणि कोठार तर तळाला गेलेले. झूमाना स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणाला, "चुलीवरची कणसं काढ. जे पेरायचंच नाही, ते धूर खात कशाला ठेवायचं?"

तेनेने कणसे काढली. दोन तेवढी वर राहू दिली, झूमानाला न विचारता. बाकीची माझ्यात पडली. माझ्यात आयुष्यभर ज्वारी पडली, पण धुराचा वास असलेली त्या दिवशी पहिल्यांदा. उखळाला नको म्हणता येत नाही. मुसळ वर गेले, खाली आले. तेने टाळी वाजवत नव्हती. घाटा छान झाला, पेरणीची मंडळी बोटे चाटत उठली आणि म्हातारी गावातून जवळजवळ निघून गेली. इतर घरांतही हेच झाले. चुलीवरचे कुणी त्या आठवड्यात खाल्ले, कुणी पुढच्या.

लालदोरी उगवली ती अशी दाट की पाहत राहावे. इतर गावांची ज्वारी अजून पानांत असताना आमच्या शेतांत कणसे गच्च भरली. झूमाना कमरेवर हात ठेवून बांधावर उभा राहायचा. आणि पाऊस काही थांबेना. दिवसचे दिवस पाऊस. भरलेली कणसे ओलीच राहिली, आधी गुलाबी झाली, मग काळी. कोवळा दाणा हेरून पाखरांचे थवे आले, कारण दुसरीकडे कुठे काही पिकलेच नव्हते. जे हाती लागले ते तेनेने माझ्यात कांडले. पीठ राखाडी निघाले आणि कडू. मी कडू झाडाचे आहे, कडूपणा मला कळतो. तो घाटा खाऊन पोरांना ओकाऱ्या झाल्या.

मग काहीच उरले नाही. मित्रांनो, उपाशी घराची एक गोष्ट तुम्हाला माहीत नसेल. घरात दाणा नाही हे शेजाऱ्याला कळू नये, म्हणून तेने रोज ठरल्या वेळी मूठभर कोंडा माझ्यात टाकायची आणि कांडत राहायची. शेजारच्या अंगणातूनही कांडण ऐकू यायचे. पलीकडूनही. मी जन्माचे उखळ, मला आवाजावरून कळते. सगळ्यांची उखळे पोकळ वाजत होती. सगळे सगळ्यांना फसवत होते आणि कुणीच फसत नव्हते. त्याच दिवसांत मुसळ नुसत्या तळावर आपटून मला ही चीर गेली.

एके दिवशी तेनेची नात, छोटी सालिमाता, उठून बसेना. तेने चुलीपाशी गेली. वर दोन कणसे होती.  तिने हात वर केला. ती कांडत होती आणि रडत होती, आणि दर दणक्याला काहीतरी पुटपुटत होती. "सासूबाई, माफ करा," एवढे मला ऐकू आले. त्या दोन कणसांच्या घाट्याचे चार घास खाऊन सालिमाता उठून बसली. मी म्हणेन, तेनेने योग्य तेच केले. पण तिला तसे वाटले नाही. त्यानंतर ती वर वाशाकडे बघेनाशी झाली.

पावसात बंद झालेला रस्ता मोकळा झाल्यावर केंद्राची गाडी आली. मागे धान्याची पोती होती. झूमाना पार खंगला होता, तरी रिवाज म्हणून म्हणाला, "ये रे चवळीखाऊ."

सिरिकी काही बोलला नाही. येऊन मातीत बसला. अंगण घाबरले. कोने उलट टोमणा मारत नाही म्हणजे कुणीतरी मेले असले पाहिजे.

"काहीतरी बोल ना रे," झूमाना म्हणाला. "तू गप्प बसलास की भीती वाटते."

"नाही बोलवत. मी तुला हसत हसत सांगितलं. हसत सांगायला नको होतं."

"रडत सांगितलं असतंस, तर मी म्हणालो असतो, कोने प्यालाय."

 सिरिकीने तेनेला विचारले, "ताई, चुलीवर किती कणसं आहेत म्हातारीची? दुसऱ्या गावांचं बी मी आणीन, पण तुमच्या या जमिनीला तीच चालते."

तेनेने त्याला आत नेले नाही. तिथेच माझ्या काठावर हात ठेवून ती म्हणाली, "सासूनं सांगितलं होतं, उखळात जाऊ देऊ नकोस. मीच कांडलं. माझ्या हातानं कांडलं मी, सिरिकी. शेवटचा दाणासुद्धा." आणि ती मोठ्याने रडू लागली. थट्टेच्या नात्यातल्या माणसांना एकमेकांचे अश्रू कसे पुसायचे ते येत नाही. 

मग सिरिकीला काहीतरी आठवले. "तुझी सासू वोरोकिया ना? आमची माणसं गोळा करायला आली होती, तेव्हा तिनं एक कणीस दिलं होतं?"

"शिव्या देत दिलं होतं," झूमाना म्हणाला.

"केंद्रात एक थंड खोली आहे. गावोगावचं बी तिथं डब्यांत ठेवलंय. त्यात तुमचं असेल. पण फार वर्षं झाली आहेत. उगवेल की नाही, ते मी सांगू शकत नाही." आणि पहिल्यांदाच त्याचे बोलणे सगळ्यांनी न हसता ऐकले.

पुढच्या पेरणीआधी तो कागदाची एक लहानशी पुडी घेऊन आला. तेनेने ती दोन्ही हातांनी घेतली. मग टोमण्यांचा कार्यक्रम रीतसर पार पडला. हशा ओसरल्यावर सिरिकी म्हणाला, "आता कामाचं. ते मी नाही सांगणार." आणि त्याने माइगाला पुढे ढकलले.

माइगा आंब्याखाली उभा राहिला. त्याची दाढ त्या दिवशी जास्तच दुखत असावी. "हे बी तेनेच्या परसात पेरायचं," तो म्हणाला. "पुडीतलं काही शिजवायचं नाही, कुणाला वाटून टाकायचं नाही. लालदोरी शेताच्या कोपऱ्यात, सखल भागात, उशिरा पेरायची. बाकीच्या शेतात शेजारगावची ज्वारी. समजलं?"

"समजलं," सगळा गाव एका आवाजात म्हणाला. मागून कुणी बाई हळूच म्हणाली, "याची दाढ काढून द्या रे कुणीतरी," पण तीही माइगा गाडीत बसल्यावर. तेव्हापासून सिरिकी कुठल्याही गावी गेला, तरी तिथल्या लोकांशी आपले थट्टेचे नाते आहे का ते आधी बघतो. असले, तर महत्त्वाचे बोलणे माइगाकडे.

पुडीतले निम्मे बी उगवलेच नाही. उरलेल्यातले काही किड्यांनी खाल्ले. जे राहिले, त्यांच्याभोवती तेनेने काट्यांचे कुंपण केले आणि पाखरांना हाकलायला दिवसभर तिथेच बसू लागली. जवळून जाणारा प्रत्येक देंबेले विचारायचा, "काय गं चवळीखाऊ, चवळी लावलीस का?" आणि प्रत्येकाला ती दगड मारायची. ताटे उंच झाली. इतर सगळे फुलले तरी ही फुलेनात. तेनेचा जीव टांगणीला लागला. आणि पाऊस जायच्या बेताला आला, तशी एका सकाळी परसात मान वाकवलेली कणसे दिसली.  तेने आत गेली आणि तिने वाशावरची जळमटे काढली.

त्याच वर्षी गावात डिझेलची गिरणी आली होती. बायांचे खांदे सुटले आणि माझेही हाल संपले. मला ओढून आंब्याखाली टाकले. ज्याने आयुष्यभर मार खाल्ला, त्याला मार थांबल्यावर आनंद व्हायला हवा. मला झाला नाही. मी दिवसभर गिरणीचा आवाज ऐकायचे आणि वाटायचे, आता आपण नुसते ओंडका.

सुगीच्या दिवशी सिरिकी आणि माइगा आले. तेनेने कणसे सुपात भरून अंगणात आणली. सगळे भोवती जमले. सिरिकीने सवयीने माझ्यात हात घालून तळ चाचपला आणि चीर लागताच हात तसाच ठेवला.

"तेने, थोडं कांड ना गं," झूमाना म्हणाला. त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. "एकेक घास. आईच्या हातच्या घाट्याची चव विसरायला झालीय."

मी सरळ असते तर पुढे सरकले असते. किती दिवसांत माझ्यात दाणा पडला नव्हता! म्हातारीचा तो टणक, हट्टी दाणा एकदा तरी पडावा, मग उकलले तरी चालेल, असे मला वाटत होते.

तेनेने सूप छातीशी धरले. "एकही दाणा उखळात नको," ती म्हणाली.

ती आत गेली आणि लगेच बाहेर आली. वासा उंच, तिचे गुडघे दुखत होते आणि हात आता पूर्वीसारखा वर जात नव्हता. तिने इकडेतिकडे पाहिले, मग माझ्याकडे. तिने मला आडवे करून घरंगळत चुलीपर्यंत नेले आणि पालथे घातले. उखळ पालथे घालणे म्हणजे घराला अपशकुन. पोरांना माझ्यावर बसू न देणारी बाई ती. तिने वाकून माझ्या चिरलेल्या तळावर हात ठेवला आणि म्हणाली, "माफ कर बाई मला." मला त्या लोहाराची आठवण झाली. माफी मागितली म्हणजे आता घाव बसणार, एवढेच मला ठाऊक होते. पण घाव बसला नाही. तिचे दोन अनवाणी पाय माझ्यावर आले.

"चवळीखाऊ बाई उखळावर चढली रे!" दारातून झूमाना ओरडला. "उद्या आमच्या डोक्यावर चढेल!"

"देंबेल्यांच्या तोंडापासून बी लांब ठेवायचं, तर उंच चढावंच लागतं," तेने वरून म्हणाली. एक एक कणीस ती वाशाला बांधत होती. दारातली सगळी माणसे हसत होती. माइगासुद्धा हसला असे सालिमाता सांगते, पण मी पालथे होते, मला दिसले नाही.

मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा रिकामे राहिल्याचा मला आनंद झाला. सगळी कणसे वर होती आणि एकही माझ्यात नव्हते. नंतर तिने मला परत आंब्याखाली आणून ठेवले. आता त्या कणसांचे बी गावभर झाले आहे, लालदोरीही आपल्या कोपऱ्यात सुखाने नांदते आहे, आणि दर सुगीला तेने मला घरंगळत आत नेते. ती थकली आहे. मीही फार थकले आहे. एखाद्या वर्षी तिच्या पायाखाली मी दुभंगेन अशी मला धास्ती वाटते, म्हणून त्या दिवशी मी चिरेशी सगळा जीव गोळा करून उभे राहते.

तुम्हाला माझे सांगणे फार नाही. घरात बियाणे म्हणून काही राखले असेल, तर ते जपा. कुणी हसत हसत काही सांगितले, तर हसून झाल्यावर त्याला पुन्हा एकदा विचारा. आणि अंगणात माझ्यासारखे एखादे जुने उखळ दिसले, तर त्याच्यावर बसू नका. चढायचेच असेल, तर हातात कणीस घेऊन चढा.